नीट केस आणि सरळ केस

दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या टेबलावर एक अर्ज आला. नववीतील एका मुलीच्या आईने लिहिले होते की, मुलीचे केस पार्लरमध्ये सरळ करून घेतले आहेत, तीन दिवस ते धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे खोचायचेसुद्धा नाहीत. तरी तीन दिवस तिला केस मोकळे सोडून वर्गात बसण्याची परवानगी मिळावी. अर्ज अतिशय नम्र भाषेत होता. आठ-दहा दिवसांनी तसाच दुसरा आला. जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या आधी, तिसरा. तिन्ही मुलींचे केस जन्मतः कुरळे, आणि तिन्ही अर्जांत कारण जवळजवळ एकाच शब्दांत दिलेले: केस शाळेच्या शिस्तीत बसत नाहीत.

परवानगी आम्ही दिली. रसायन लावून झालेले होते, आता मुलीला वर्गाबाहेर उभे करून काय साधणार? पण "शाळेच्या शिस्तीत बसत नाहीत" हे वाक्य आम्हांला खटकले, आणि त्याचे उत्तर अर्जाच्या कोपऱ्यात लिहिण्याऐवजी पत्रिकेत सर्वांसाठी द्यावे असे वाटले. विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. मुख्याध्यापकांनी निकालांवर लिहावे, संस्कारांवर लिहावे, केसांवर काय लिहायचे? ज्या घरात कुरळ्या केसांची मुलगी आहे त्या घरी सकाळच्या पाळीच्या शाळेआधी, साडेसहा वाजता, आई, कंगवा आणि मुलगी यांच्यात काय चालते ते एकदा विचारून पाहावे.

आधी नियम पाहू. आमच्या डायरीत लिहिले आहे की खांद्याखाली केस असलेल्या मुलींनी दोन वेण्या घालाव्यात, केस नीट बांधलेले असावेत. एवढेच. त्यामागे तीन साधी कारणे आहेत. लहान वर्गांत उवा पसरतात, प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला असतो आणि खेळाच्या तासाला केस डोळ्यांवर येतात. कुरळा केस यांपैकी कशाच्याही आड येत नाही. बांधला की झाले. मग गोंधळ कुठे झाला? तो "नीट" या शब्दात आहे. मराठीत नीट म्हणजे व्यवस्थित, आणि नीट म्हणजे सरळही. "नीट समोर जा" असे आपण वाट विचारणाऱ्याला सांगतो. वर्गात बाई "केस नीट करून ये" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात रिबीन असते, आणि मुलीच्या कानावर पडते ते "सरळ करून ये".

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत अशा केसांना घुंघराले म्हणतात. शब्द ऐकताच कुठेतरी घुंगरू वाजल्यासारखे वाटते. मराठीतही कुंतल, कुरळ्या बटा असे गोड शब्द आहेत, पण ते कवितेच्या पुस्तकात राहतात. मधल्या सुटीत मैदानावर ऐकू येतात ते झिपरी, टोपले, आणि हल्ली मॅगी.

पिंजारलेले केस, हा आणखी एक शब्द. तो मात्र विचार करण्यासारखा आहे. थंडीच्या तोंडावर रजया भरून घेण्यासाठी आपण ज्या पिंजाऱ्याकडे जातो तो काय करतो? दबून एकत्र बसलेल्या कापसाचा तंतू न् तंतू सुटा करतो, आणि ओंजळभर कापसाचा ढीग होतो. कुरळे केस आपल्या स्वभावाने पुंजक्यापुंजक्यांनी राहतात, एका वळणाचे दहा-वीस केस एका बटेत एकत्र असतात. कोरड्या केसांतून दाट दातांचा कंगवा किंवा ब्रश ओढला की ती बट फुटते आणि केस न् केस सुटा होऊन फुलतो. म्हणजे सकाळी साडेसहाला आपण नेमके पिंजाऱ्याचे काम करतो, आणि सात वाजता मुलीला म्हणतो की तुझे केस पिंजारलेले आहेत.

केसांचे शास्त्र फार अवघड नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज समजेल. त्वचेतल्या ज्या बारीक पिशवीतून केस उगवतो ती सरळ असली की केस सरळ वाढतो, ती वाकलेली असली की केस वळत वर येतो. आडवा छेद घेतला तर सरळ केस बहुधा गोलसर आणि कुरळा केस लंबगोल, चपटा दिसतो. हे आईवडिलांकडून, आजी-आजोबांकडून आलेले असते. जावळ काढून, टक्कल करून किंवा कांद्याचा रस चोळून ते बदलत नाही. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत पोचते. वळणावळणाच्या केसावर ते भेरूघाटातल्या ट्रकसारखे मध्येच अडकते. म्हणून कुरळ्या केसांची टाळू तेलकट आणि टोके कोरडी असतात. कोरडा केस हवेतला ओलावा ओढून घेतो, फुगतो, त्याच्यावरचे खवले उचलले जातात आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेने जातो. यालाच आपण केस फुलले म्हणतो.

ओलावा ओढण्याच्या या गुणावर एक उपकरणच तयार झाले आहे. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ साली हवेतील आर्द्रता मोजण्याच्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या आर्द्रतामापकात वापरला होता माणसाचा केस. हवा अगदी कोरडी असताना ताणून बांधलेला केस हवा पूर्ण दमट झाली की सुमारे दोन ते अडीच टक्के लांबतो. वीस सेंटिमीटरच्या केसात हा फरक चार-पाच मिलिमीटरचा. काटा फिरवायला पुरेसा. पुढे बरीच वर्षे वेधशाळांतून केसाचे आर्द्रतामापक वापरले गेले. तेव्हा पावसाळ्यात मुलीचे केस फुलतात तेव्हा ते बेशिस्त वागत नसून हवामान सांगत असतात, असे समजायला हरकत नाही.

आणि आपले इंदूरचे हवामान या बाबतीत जरा कठीणच. मे महिन्यात कोरडी लू चालते, केस वाळलेल्या गवतासारखे होतात. जूनमध्ये सुटी संपून शाळा उघडते, आणि त्याच सुमारास पाऊस येतो. म्हणजे वर्षातले सर्वांत फुललेले केस घेऊन मूल नव्या वर्गात, नव्या शिक्षकांसमोर उभे राहते. नव्या सत्रात डायरीत पहिला शेरा केसांचा का पडतो, याचे उत्तर पुष्कळदा आकाशात असते. त्यात पाण्याची भर. नर्मदेचे पाणी १९७८ पासून शहरात येते आहे, तरी अनेक वसाहतींत अंघोळीला बोअरिंगचेच पाणी असते. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारे हे पाणी बहुधा जड असते. त्यात साबण फेसाळत नाही, आणि त्यातले क्षार साबणाबरोबर केसांवर बसून ते राठ करतात. ज्यांच्याकडे दोन्ही पाणी येते त्यांनी निदान शेवटचे दोन तांबे नर्मदेचे ओतावेत.

आता घरी काय करता येईल ते सांगतो. यातले काही आमच्या शिक्षिकांकडून, काही पालक-मातांकडून ऐकलेले आणि मुलींनी करून पाहिलेले आहे.

केस आठवड्यातून एकदा किंवा दोनदा धुवावेत, रोज नाही. धुण्याआधी तासभर खोबरेल लावावे. आजीच्या या सांगण्याला आधार आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून धुऊन जाणारे प्रथिन खोबरेलाने कमी झाले, बाकी दोन तेलांनी नाही. (कंपनी खोबरेल विकते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे, पण खोबरेल केसाच्या आत शिरते हे इतरत्रही दिसून आले आहे.) शांपू डोक्याच्या त्वचेला लावावा, कंडिशनर केसांच्या टोकांना. कंडिशनर केसांत असतानाच, केस ओले असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने किंवा नुसत्या बोटांनी गुंता सोडवावा. टोकांपासून सुरुवात करून हळूहळू वर जावे. वरून खाली ओढले की गाठ घट्ट होते आणि मुलगी रडते. फणी उवांसाठी आहे, ती उवा असतानाच काढावी. केस धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. आजोबांचा पंचा किंवा जुने सुती धोतर घेऊन टिपावेत, मुठीत दाबावेत आणि सोडून द्यावेत. वाळेपर्यंत हात लावू नये. हे शेवटचेच सर्वांत अवघड जाते.

बाजारातल्या महागड्या जेलऐवजी अळशी चालते. ती आपल्या मध्य प्रदेशात पिकते, किराणा दुकानात मिळते. दोन चमचे अळशी दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळावी; पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट होऊ लागले की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. थंड झाल्यावर गाळायला गेलात तर फडक्यातून थेंबही पडणार नाही. फ्रिजमध्ये हे आठवडाभर टिकते. ओल्या केसांना चमचाभर लावून बोटांनी बटा वळवाव्यात. वाळल्यावर केस थोडे कडक वाटतात, मग हाताने हलकेच चुरगाळले की मऊ होतात आणि बट फुटत नाही.

केस फार फुगतात म्हणून पुष्कळ जण ते मधूनमधून कापून विरळ करून घेतात. त्याने उलटेच होते. कापलेले आखूड केस बाकीच्यांच्या आत ताठ उभे राहतात आणि वरच्यांना आणखी उचलतात. लांबी थोडी राहू दिली तर केसांच्या भारानेच ते खाली बसतात. कापणाऱ्याला हेही सांगावे की कुरळा केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की आखडतो, नाहीतर दोन बोटे सांगितलेले कापणे चार बोटांचे होऊन घरी येते.

शाळेच्या सकाळसाठी युक्ती अशी की रात्री सैल वेणी घालून झोपावे. सकाळी ओला हात केसांवरून फिरवावा, बोटानेच भांग पाडावा, दोन वेण्या घालाव्यात. कोरड्या केसांत कंगवा घालूच नये. वेण्या घट्ट ओढण्याचीही गरज नाही. रोज ताणून बांधलेल्या केसांमुळे कपाळाजवळचे केस मागे हटतात. ठिबकत्या ओल्या केसांच्याही वेण्या घालू नयेत. ओला केस ताणला जाऊन तुटतो. एवढे करूनही जुलै-ऑगस्टमध्ये कानाजवळच्या बटा सुटतील, कपाळावर महिरप येईल. ती आम्हांला चालते.

आता पार्लरविषयी. इथे आमचे मत ठाम आहे. शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींचे केस रसायनाने सरळ करू नयेत.

पैशांचा मुद्दा आहेच. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, आणि मुळाशी येणारा नवा केस पुन्हा कुरळाच येतो. सहा महिन्यांनी वरचा अर्धा वितीहून कमी भाग कुरळा, खालचा सरळ, असे विचित्र रूप दिसते आणि पुन्हा पार्लर गाठावे लागते. एकदा सुरू केले की सोडता येत नाही. पण खरा मुद्दा प्रकृतीचा. केस सरळ करण्याच्या काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइड असते किंवा क्रीम लावून इस्त्री फिरवताना त्याची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातले. बाटलीवर "फॉर्मल्डिहाइड नाही" असे छापलेले असले म्हणून निश्चिंत होता येत नाही. २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला इशारा दिला होता. त्याच्या जागी अनेक क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल आले. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात फ्रेंच डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत दिली. तिने २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिच्या केसांना लावलेल्या क्रीममध्ये हेच आम्ल होते. प्रत्येकीला असे होईल असे आम्ही म्हणत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या त्वचेवर हा प्रयोग कशासाठी? रिबीन बांधायला?

रोज सकाळी गरम इस्त्री फिरवणेही आम्हांला पसंत नाही. तिने केस सरळ दिसतात ते हवेत ओलावा येईपर्यंतच. जळलेली टोके मात्र कायमची राहतात.

शाळा आणि केस हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स या नामांकित शाळेत ऑगस्ट २०१६ मध्ये कृष्णवर्णीय मुलींनी निदर्शने केली. आपले नैसर्गिक केस अस्ताव्यस्त आहेत, ते सरळ करून या, असे आपल्याला सांगितले जाते अशी त्यांची तक्रार होती. पुढे उभी होती झुलेखा पटेल, १३ वर्षांची. प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी चौकशी लावली आणि शाळेच्या आचारसंहितेतले केसांविषयीचे कलम स्थगित झाले. इंग्लंडमध्ये समानता आणि मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळांसाठी केसांविषयी मार्गदर्शन काढले. तिथला प्रश्न वंशभेदाचा, आपला तसा नाही, हे मान्य. तिथल्या मुलींना घोषणा द्याव्या लागल्या; आपल्या मुली गुपचूप पार्लरमध्ये जाऊन येतात. आम्हांला दुसरी गोष्ट जास्त काळजीची वाटते.

मोठ्यांपैकी कोणी म्हणते की पुढे स्थळे पाहताना सरळ केसच लागतात. म्हणू देत. उस्ताद झाकीर हुसेन २०२४ च्या डिसेंबरात गेले तेव्हा लोकांना तबल्याबरोबर आठवले ते त्यांचे उडणारे कुरळे केस. मिथिला पालकर या आजच्या मराठी अभिनेत्रीला तर मुली तिच्या कुरळ्या केसांवरूनच ओळखतात. आणि बुद्धमूर्ती ज्यांनी नीट पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको की शिल्पकारांनी त्या मस्तकावर केवढ्या निगुतीने एकेक वळसा कोरला आहे.

यंदाच्या पालकसभेत अशी सूचना आली होती की समूहनृत्यातील सर्व मुलींचे केस इस्त्रीने सरळ करून घ्यावेत, म्हणजे फोटोत एकसारखे दिसतील. आम्ही ती मान्य केली नाही. लेझीम हातांनी खेळतात, आणि पावले एकसारखी पडली होती की नाही ते प्रेक्षकांत बसलेल्या विश्वस्तांनी पाहिलेच आहे.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की येत्या सत्राच्या डायरीत "नीट" हा शब्द काढून नियम असा छापावा: "केस स्वच्छ व बांधलेले असावेत. केसांचे नैसर्गिक वळण बदलण्याची शाळेची अपेक्षा नाही." मुलांना वळण लागावे म्हणून पालक आपल्या शाळेत पाठवतात, डोक्यावर जे आधीच आहे ते काढायला नव्हे. हाच नियम मुलांनाही लागू राहावा. कुरळ्या केसांच्या मुलाला सरसकट बारीक मशीन मारून यायला सांगतात, कारण त्याचे केस दोन बोटे वाढले तरी टोपी घातल्यासारखे दिसतात. मोजायचे असेल तर लांबी मोजावी, फुगा मोजू नये. वर्गशिक्षकांना सूचना दिली आहे की केसांचा शेरा लिहिताना काय हवे ते स्पष्ट लिहावे: रिबीन नाही, उवा आहेत, केस डोळ्यांवर येतात. "केस विचित्र" असा शेरा कोणत्याही डायरीत पडणार नाही. मैदानावरच्या टोपणनावांचे काम वर्गनायकांकडे दिले आहे, आणि ते आमच्यापेक्षा चांगले करतील असा आमचा अंदाज आहे.

विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीचा वर्ग सोस्यूरच्या पद्धतीचा आर्द्रतामापक तयार करणार आहे. जूनच्या पहिल्या पावसापासून रोजची नोंद प्रार्थनासभेच्या फलकावर लिहिली जाईल. त्यासाठी निदान वीतभर लांबीचे केस हवे आहेत, सरळ आणि कुरळे दोन्ही, म्हणजे तुलना करता येईल. केस गळलेले चालतील, पण रसायन लावलेले नकोत. शांपूने धुऊन तेल पूर्ण काढलेले असावे. कागदात गुंडाळून, त्यावर वर्ग लिहून, विज्ञानाच्या बाईंकडे द्यावेत.